स्वॅपचा सवतासुभा

२०२५ संपता संपता रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. नव्या लॅपटॉपांत रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली. म्हणजे पुन्हा सगळी भिस्त स्वॅपवर: रॅम अपुरी पडली की तिच्यातला डेटा डिस्कसारख्या साठ्यावर ढकलायचा.

१९६२ मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलास संगणकावर ही युक्ती चालू झाली. पुढची तीस वर्षं बड्या यंत्रांची, ती सोडून देऊ. खरी गंमत विंडोज ९५ पासून. त्यातली स्वॅप फाइल मनाला येईल तशी फुगायची, आटायची, तुकड्यातुकड्यांनी डिस्कभर पसरायची. म्हणून एफडिस्कने वेगळं पार्टिशन पाडायचं आणि व्हर्च्युअल मेमरीच्या खिडकीत मिनिमम-मॅक्सिममला एकच आकडा भरायचा. फाइल एकसंध राहायची, हा फायदा खराच. पण ‘मशीन पळायला लागेल’ म्हणून याचे वेगळे पैसे घेणारे असेंबलर आठवले की अजून डोकं फिरतं! डिस्क एकच, तर हेडने सी ड्राइव्हपासून शेवटच्या पार्टिशनपर्यंत येरझाऱ्या घालायच्या, त्याही आतल्या, संथ ट्रॅकवर. वेग हवा तर दुसरी डिस्क लागायची, तीही शक्यतो दुसऱ्या आयडीई केबलवर. ते कोण सांगणार?

लिनक्समध्ये मात्र वेगळ्या स्वॅप पार्टिशनला मान होता. टाइप ८२, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. जुन्या कर्नलमध्ये एका स्वॅपला १२८ एमबीची मर्यादा, म्हणून दोन-दोन पार्टिशनं. ‘रॅमच्या दुप्पट’ हा तर वेदमंत्रच. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलने फाइलही तितकीच वेगवान केली. तरी आम्ही सवयीने पार्टिशनं पाडतच राहिलो. उबंटूने १७.०४ मध्ये ती सोडली, फेडोराने २०२० मध्ये झेडरॅम आणला. रॅममध्येच डेटा दाबून बसवायचा.

स्वॅपच्या येरझाऱ्यांनी हार्ड डिस्क खरखरली की मशीन गुदमरतंय हे शेजारच्या खोलीतही कळायचं. एसएसडी मुकाट झिजते. ब्राउझर आठ जीबी गिळून बसतो आणि इन्स्टॉलर आपल्याला स्वॅपबद्दल काही विचारत नाही.

पण हायबरनेटला झेडरॅम कुचकामी. वीज गेली की रॅम कोरी. म्हणून मी अजून मॅन्युअल पार्टिशनिंगचा पर्याय हुडकून रॅमएवढी जागा वेगळी काढतो. इन्स्टॉलरच्या लेखी ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ काम आहे.