टर्बो इंजिन आणि दोन इंधने

टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनाला सीएनजी साध्या इंजिनापेक्षा जास्त मानवतो. साध्या इंजिनात वायू हवेची जागा अडवतो. योग्य प्रमाणातल्या मिश्रणात मिथेनचे, म्हणजे सीएनजीतल्या मुख्य वायूचे, आकारमान साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असते, पेट्रोलच्या वाफेचे जेमतेम दोन टक्के. तेवढी हवा कमी आत गेली की घाटात गाडीचा पिकअप मार खातो. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. शिवाय मिथेनचा ऑक्टेन अंक 120 च्याही वर मानला जातो, म्हणजे दाब वाढला तरी नॉकिंगचे, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याचे, भय कमी.

पेट्रोल गाडी सीएनजीवर चालवण्यासाठी बसवलेल्या गॅस किटच्या ईसीयूचे (नियंत्रक संगणकाचे) काम तसे दुय्यम असते. पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे गाडीचा मूळ ईसीयूच ठरवतो. किटचा ईसीयू तो आकडा उचलतो, तापमान आणि दाब पाहून त्याला गुणतो आणि त्या हिशेबाने गॅसचा इंजेक्टर उघडतो. पेट्रोलचा इंजेक्टर चालूच आहे असा आभासही तोच निर्माण करतो, नाहीतर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो.

टर्बो गाडीत घोळ होतो तो बहुधा रिड्यूसरवर. सिलिंडरमधला 200 बारपर्यंतचा दाब रिड्यूसर दोन-तीन बारवर आणतो. हा उतरवलेला दाब इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबापेक्षा कायम ठरावीक अंतराने जास्त राहिला पाहिजे, म्हणून मॅनिफोल्डपासून रिड्यूसरपर्यंत एक बारीक रबरी नळी जोडतात. समजा हे अंतर 1.2 बार ठेवले आहे आणि नळी निसटली किंवा चिरली. रिड्यूसर आता बाहेरच्या हवेच्या दाबाशी तुलना करू लागतो. टर्बोने 0.8 बार जादा दाब दिला की अंतर उरते अवघे 0.4 बार. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडूनही गॅस पुरेसा येत नाही आणि मिश्रण विरळ होते, तेही नेमके भर जोरात असताना. त्या वेळी अनेक गाड्यांचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नसतो, त्यामुळे चूक परस्पर सुधारली जात नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि टर्बाइन तापत राहतात. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून केलेल्या ट्यूनिंगमध्ये हा दोष दिसतच नाही. चढावर, पूर्ण पॅडल दाबूनच तो तपासावा लागतो.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात आणखी एक अडचण येते. तिथे इंजेक्टरचे टोक ज्वलनकक्षातच असते आणि आतून वाहणारे पेट्रोलच त्याला गार ठेवते. गाडी निव्वळ गॅसवर चालवली तर टोक तापते, अडकलेले पेट्रोल जळून त्यावर कार्बन धरतो आणि फवारा बिघडतो. म्हणून अशा गाड्यांच्या किटमध्ये गॅसबरोबर थोडे पेट्रोल, साधारण दहा-वीस टक्के, सोडत राहतात. बचतीचा हिशेब मांडताना हे पेट्रोल विसरणारे बरेच असतात. इंधन आधी मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या इंजिनात हा प्रश्न येत नाही.

प्लगकडेही लक्ष हवे. दाबलेल्या वायूतून ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागते, म्हणून प्लगमधली फट थोडी कमी करतात. मिथेन सावकाश जळत असल्याने ठिणगीही जरा आधी द्यावी लागते.

कारखान्यातच अशी जुळणी केलेली उदाहरणे आहेत. फोक्सवॅगनची पासाट इकोफ्यूएल 2009 मध्ये युरोपात आली. तिच्या 1.4 लिटर इंजिनाला टर्बोबरोबर सुपरचार्जरही होता, आणि गॅसवर ते 150 पीएस देई. भारतात टाटाने 2024 मध्ये नेक्सॉनचे टर्बो सीएनजी मॉडेल आणले. तिचे 1.2 लिटर इंजिन पेट्रोलवर 120 पीएस आणि सीएनजीवर 100 पीएस देते. टॉर्क मात्र दोन्हींवर 170 न्यूटन-मीटरच.