हँडहेल्ड जीपीएस घ्यायचा का? रेवदंड्याहून आलेला प्रश्न

रेवदंड्याच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. तो मित्रांसोबत किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर समुद्रगरुडाची घरटी शोधतो, आणि साळावचा पूल ओलांडून फणसाड अभयारण्यात शेकरू बघायला जातो. विचारतोय, "स्वस्तातला हँडहेल्ड जीपीएस घेऊ का? की फोन पुरेल?"

आधी एक गैरसमज काढून टाकू. फोनच्या जीपीएसला रेंज लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सिग्नल पाठवतात, फोन तो फक्त ऐकतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, आणि सुरुवातीचं ठिकाण पटकन सापडायला. त्यामुळे निघण्याआधी घरीच ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडमध्ये रायगडचा नकाशा उतरवून ठेवा. महिन्यातून एखादी फेरी असेल तर एवढं पुरतं. पैसे वाचवा, दुर्बीण घ्या.

मग वेगळं यंत्र कशाला? तीन गोष्टींसाठी. फोनची बॅटरी ट्रॅक नोंदवता नोंदवता दुपारपर्यंत मान टाकते, आणि ती संपली की घरी फोन करायचं साधनही संपतं. ओल्या बोटांनी टचस्क्रीन वेड्यासारखा वागतो. आणि भर उन्हात वाळूवर स्क्रीन दिसतच नाही. बटणांच्या हँडहेल्डला यातलं काही भोवत नाही.

स्वस्तातलं म्हणजे गार्मिनची ईट्रेक्स मालिका. ईट्रेक्स एसईमध्ये नकाशा नाही, पण दोन साध्या एए सेलवर कंपनी १६८ तास सांगते. जंगलात निम्मे मिळाले तरी चंगळ आहे. ईट्रेक्स २२एक्समध्ये रंगीत नकाशा आणि मेमरी कार्डची सोय आहे, पण सेल २५ तासांचा. घरट्याची खूण करायची आणि आल्या वाटेनं परत यायचं, एवढंच काम असेल तर माझं मत एसईला. नकाशा फोनमध्ये आहेच की! जुनं यंत्र घेत असाल तर सेलचा कप्पा उघडून बघा. हिरवट गंज दिसला तर सोडून द्या, आपली खारी हवा बाकीचं काम पूर्ण करते. बटणांवरचं रबरही तपासा.

एक मात्र सांभाळा. इनरीचसारखी उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रंही हँडहेल्डच दिसतात. ती भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. बाहेरून कुणी भेट म्हणून आणणार असेल तर आधीच नको म्हणा.

आता अचूकता. मोकळ्या किनाऱ्यावर पाचेक मीटरचा फरक धरा. फणसाडच्या दाट झाडीत सिग्नल पानांत अडतो, खोडांवरून उसळतो, आणि फरक सहज वाढतो. म्हणून खूण करताना मिनिटभर थांबा, आणि सोबत झाड कुठलं, वाटेच्या कुठल्या बाजूला, हे वहीत लिहा. दोन उपग्रहमालिका की चार, यावरून दुकानदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा या सवयीचा उपयोग जास्त.

सगळ्यात मोठा घोळ होतो आकडे लिहिताना. रेवदंडा साधारण १८ अंश ३३ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५६ मिनिटं पूर्व. हेच दशांशात १८.५५, ७२.९३. पण कुणी घाईत मिनिटांनाच दशांश समजून १८.३३, ७२.५६ टाकलं, तर बिंदू पंचेचाळीसेक किलोमीटर लांब अरबी समुद्रात पडतो! कुणी वाट चुकलं आणि शोधायला निघालेल्यांना हे आकडे गेले, तर काय होईल बघा. ग्रुपमध्ये सगळ्यांनी यंत्रात आणि फोनमध्ये एकच पद्धत ठेवा, दशांशाची. दशांशानंतर पाच आकडे लिहा, म्हणजे मीटरभरापर्यंत नोंद होते.

आणि घरट्याचे हे पाच आकडे इन्स्टावर नकोत. समुद्रगरुड तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, म्हणजे एकदा फुटलेला पत्ता पुढच्या हंगामातही चालतो. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर होते, बाकीच्यांसाठी तो पर्याय स्वतः निवडावा लागतो. फोटोतलं लोकेशनही बंद करा. वनखात्याला मात्र नेमकी जागा जरूर कळवा.

पुढच्या भागात रात्रीच्या फेरीसाठी हेडटॉर्च. प्रश्न पाठवत राहा.