आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

जुन्या बंबखान्याची इमारत पाहताना आपली दृष्टी प्रथम तिच्या रुंद दरवाजांकडे जाते. परंतु अशा वास्तूचा खरा इतिहास भिंतींत नसून पाण्यात असतो. पाणी हाताशी नसेल, तर बंब केवळ शोभेचा. या दृष्टीने आपल्या माळव्यातील देवासची कथा मोठी बोधप्रद आहे.

१७२८ साली तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे राज्य स्थापिले. १८४१ नंतर थोरली पाती व धाकटी पाती यांचा कारभार पृथक् झाला. वाटणी इतकी बारीक, की शहराच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन संस्थानांच्या अमलाखाली होत्या आणि त्यांचा पाणीपुरवठा व दिवाबत्तीही निरनिराळी होती. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस असलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी येथील दिवसांची हकीकत पुढे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात सांगितली. परक्यास या दुहेरी संसाराची मौज वाटावी, हे स्वाभाविकच. परंतु आग काही संस्थानाची हद्द विचारून पसरत नाही.

१९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि रस्त्यावरील ती अदृश्य सरहद्द पुसली गेली. पाण्याची चिंता मात्र पुसली गेली नाही. शहर वाढले, कारखाने आले, जमिनीतील पाणी खोल गेले; आणि १९९० साली इंदूरहून आगगाडीने पाणी आणून देवासची तहान भागवावी लागली. एकेकाळी पाण्याच्या दोन व्यवस्था असलेल्या गावावर ही वेळ आली! शेजारच्या धारची ख्याती साडेबारा तलावांचे नगर म्हणून आहे. मुंज राजाचे नाव सांगणारा तेथील तलाव पाहिला, म्हणजे पूर्वजांची दूरदृष्टी ध्यानात येते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटाच्या वेळी आगीशी झुंजताना अग्निशामक दलाच्या अनेक जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळला जातो. त्या दिवशी आपण त्यांना वंदन तर करावेच. शिवाय आपल्या आळीतील जुनी विहीर बुजली तर नाही ना, हेही पाहावे, असे आम्हांस वाटते. लाकडी माड्यांचे वाडे अद्याप आपल्या पुष्कळ कुटुंबांकडे आहेत. तहान लागल्यावर विहीर खणणे वाईट खरे. पण आग लागल्यावर ती शोधीत फिरणे त्याहून वाईट.