मुलांशी वाद : निकालाआधी सलोखा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या आई-वडिलांना सज्ञान मुला-मुलींकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पालक राहतात त्याच जिल्ह्यात तो चालू शकतो. मुलगा पुण्यात नोकरीला असला, तरी मेहकर-खामगावच्या म्हाताऱ्या माणसांना पुणे गाठावे लागत नाही. सुनावणीपूर्वी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे सोपवता येते. कायद्यातली हीच तरतूद सर्वांत मोलाची, कारण कोणी किती द्यायचे, औषधपाणी कोणी बघायचे, हे समोरासमोर बसून ठरवता येते. सलोखा अधिकाऱ्याच्या अहवालाला मुदत एक महिन्याची. तडजोड झाली, तर न्यायाधिकरण तसाच आदेश देते. तो न पाळल्यास वसुलीचे वॉरंट निघू शकते.