तळघरातला आवाज मोठा होतो तेव्हा

श्रीगोंदा-दौंड पट्ट्यातल्या काष्टी गावाला मोठ्या आवाजाचं वावडं नाही. जनावरांच्या बाजाराचा गलका, यात्रेतली हलगी, वरातीपुढचा बेंजो आणि आता त्या सगळ्यांवर कडी करणारा डीजे, हे ऐकतच इथली पोरं वाढतात. त्यातली काही आता कानात हेडफोन घालून परदेशी बँडची पोस्ट-हार्डकोर गाणी ऐकतात. घरातल्या मोठ्यांना ते गाणं वाटतच नाही, कुणीतरी भांडतंय असं वाटतं. मला हे संगीत मनापासून आवडतं. म्हणून नुसता आरडाओरडा करणारी पोरं संगीतकार कशी होतात, हे एका बँडच्या दुसऱ्या अल्बमवरून सांगायचं आहे. बँडचं नाव थर्सडे आणि अल्बमचं नाव ‘फुल कोलॅप्स’.

आधी या संगीताचं मूळ. अमेरिकेत १९८० च्या सुमारास पंक रॉकमधून हार्डकोर निघालं. मिनिट-दीड मिनिटाची गाणी, वेग अफाट आणि शब्द थेट तोंडावर मारलेले. वॉशिंग्टनमधला मायनर थ्रेट हा त्यातला मानाचा बँड. पण तीन-चार वर्षांत त्याच शहरातल्या मुलांना या वेगाचा कंटाळा आला. मैफलींत हाणामाऱ्या वाढल्या होत्या आणि राग व्यक्त करण्याची एकच रीत अपुरी पडू लागली होती. १९८५ च्या उन्हाळ्यात राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडनी तीच ताकद ठेवून स्वतःच्या मनातलं दुःख, प्रेम, पश्चात्ताप गाण्यात आणला. १९८७ मध्ये मायनर थ्रेटचा गायक इयन मकाय याने फुगाझी उभा केला. या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि लहान वयाच्या श्रोत्यांना दार बंद होईल अशा जागी वाजवायचं टाळलं. हार्डकोरची ताकद तशीच ठेवून त्याच्या चौकटी मोडणाऱ्या या वाटेला पुढे पोस्ट-हार्डकोर म्हणू लागले.

आता न्यू जर्सी. एडिसन हे नाव मराठी घरांना नवं नाही. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांची मुलं तिथे नोकरीला आहेत, ओक ट्री रोडवरच्या दुकानांत भाजणीपासून पापडापर्यंत सगळं मिळतं. त्याच एडिसनला लागून न्यू ब्रन्सविक आहे, रटगर्स विद्यापीठाचं गाव. विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतलेली जुनी लाकडी घरं, प्रत्येकाखाली एक तळघर. अमेरिकेत एकवीस वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही, त्यामुळे संगीत वाजणारे बार त्यांना बहुधा बंदच. मग मुलांनी तळघरंच सभागृहं केली. जेफ रिकली हा मुलगा आपल्या घराच्या तळघरात बाहेरगावच्या बँडचे कार्यक्रम लावायचा. त्यातूनच १९९७ मध्ये थर्सडे उभा राहिला. गायला रिकली, गिटारवर टॉम कीली आणि पुढे स्टीव्ह पेडुला, बासवर टिम पेन, ड्रमवर टकर रूल.

तळघराचं छत डोक्याला लागतं, भिंती ओलसर असतात आणि ऐकणारा गायकापासून हातभर अंतरावर उभा असतो. आवाजाला फुलायला तिथे जागाच नसते. ड्रम सुरू झाला की बाकी सगळं त्यात बुडतं, गायकाला ओरडल्याशिवाय पर्याय उरत नाही. पहिला अल्बम, १९९९ चा ‘वेटिंग’, ऐकताना ती खोली दिसते. उतावीळ, कच्चा, प्रत्येक गाण्यात सगळं एकदमच सांगून टाकायची घाई. त्यातल्या एका गाण्याला जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस याचं नाव दिलं आहे, दुसऱ्याच्या नावातच न्यू ब्रन्सविक आहे. म्हणजे कान चांगले होते आणि विषयही जवळचे होते. हात मात्र अजून बसला नव्हता.

‘फुल कोलॅप्स’ एप्रिल २००१ मध्ये शिकागोच्या व्हिक्टरी रेकॉर्ड्सने काढला. निर्माता साल व्हिलानुएवा, ध्वनिमुद्रण जर्सी सिटीतल्या बिग ब्लू मीनी स्टुडिओत. दोन अल्बमांत अंतर जेमतेम दोन वर्षांचं, पण ऐकणाऱ्याला माणसं तीच आहेत यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

सगळ्यात आधी जाणवतात त्या गिटारी. हार्डकोरमध्ये दोन गिटारी असल्या तरी बहुधा एकच जाड भिंत बांधतात. इथे त्या वेगळ्या होतात. एक खालच्या पट्टीत रेटा देत राहते, दुसरी वर सुट्या सुट्या सुरांची नक्षी काढते, आणि मध्ये रिकामी जागा राहते. त्या रिकाम्या जागेत रिकलीचा आवाज येतो. हा आवाज तयारीचा नाही. तो पातळ आहे, कधी सुराला जेमतेम टेकतो. तरी तो लपवायचा प्रयत्न नाही. गाणारा आवाज आणि किंकाळी या दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या आहेत, त्यामुळे एकच माणूस आतल्या आत स्वतःशी वाद घालतोय असं वाटतं. घरातल्या मोठ्यांना जे भांडण ऐकू येतं ते खरंच आहे. फक्त ते दुसऱ्या कुणाशी नाही.

‘अंडरस्टँडिंग इन अ कार क्रॅश’ हे गाणं घ्या. मोटारीच्या अपघातात गेलेल्या जवळच्या माणसांच्या दुःखातून ते आलं आहे. पहिल्या अल्बममधल्या मुलांनी हे दुःख पहिल्या ओळीपासून ओरडून सांगितलं असतं. इथे सुरुवात गिटारीच्या एका साध्या, जवळजवळ गोड म्हणावी अशा चालीने होते. आवाज चढतो, उतरतो, ड्रम थबकतो, आणि किंकाळी येते तेव्हा ती आल्यावाचून राहणं शक्यच नव्हतं असं वाटतं. हलगी वाजवणारा जाणता माणूस सुरुवातीलाच सगळा जोर लावत नाही, टिपरू हलकं ठेवून लोकांचे पाय आधी जमिनीवरून सुटू देतो, त्यातलाच हा प्रकार. जोर सगळ्यांकडे असतो. तो कुठे राखायचा हे कळायला काही वर्षं जावी लागतात, आणि थर्सडेला ते फार लवकर कळलं.

विषयही पसरले. ‘पॅरिस इन फ्लेम्स’ हे गाणं ‘पॅरिस इज बर्निंग’ या १९९० च्या माहितीपटावरून सुचलं, जो न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिक व ट्रान्स माणसांच्या वेशभूषेच्या आणि नाचाच्या स्पर्धांवर आहे. हार्डकोरच्या मैफली तेव्हा बऱ्याच अंशी मुलग्यांच्या, धक्काबुक्कीच्या असत. तिथे उभं राहून हे गाणं म्हणायला वेगळीच हिंमत लागते, आणि मला या अल्बमचा खरा मोठेपणा तिथेच दिसतो. स्वतःच्या जखमेवर बोलून झाल्यावर दुसऱ्याच्या जखमेकडे वळता आलं. रचनेचाही विचार झालेला आहे. पहिला आणि शेवटचा तुकडा छोटा आहे, दोघांची नावं सांकेतिक अक्षरांची आणि आकड्यांची, आणि त्यांच्यामध्ये दहा गाणी. सुटी गाणी एका पिशवीत भरावीत तसं इथे केलेलं नाही.

व्यावसायिक यश सुरुवातीला किरकोळ होतं. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या दोनशे अल्बमांच्या यादीत तो शेवटाकडेच राहिला, पण तोंडोतोंडी पसरत गेला आणि एका पिढीला त्याने वळण दिलं. माय केमिकल रोमान्स हा पुढे जगभर गाजलेला न्यू जर्सीचाच बँड. त्याच्या पहिल्या, २००२ च्या अल्बमचा निर्माता जेफ रिकली होता.

आपल्याकडे असं संगीत वाजवणाऱ्या मुलांना तळघर मिळालं नाही. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा, उघड्या आभाळाखाली. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथला मोठा आवाज थांबला. रुग्णांचा हक्क मोठाच आहे. पण तोडीची दुसरी स्वस्त जागा कुणी दिली नाही, हेही तितकंच खरं. तरी बँड निघत राहिले. मुंबईच्या स्क्राइबने हार्डकोरला हिंदी सिनेमाच्या खलनायकांची नावं दिली, २०१० चा ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ चा ‘हेल मोगॅम्बो’, आणि हे संगीत इथल्या मातीत रुजू शकतं हे दाखवलं. अशा बँडना दुसरा, तिसरा अल्बम काढेपर्यंत टिकता यावं म्हणून वाजवायला जागा लागते, महिन्यातून चारदा, चाळीस माणसांपुढे का होईना. श्रीगोंदा-दौंड पट्ट्यात मंगल कार्यालयं भरपूर आहेत आणि लग्नाची तिथी नसेल तेव्हा ती कुलूपबंद असतात. त्यातलं एखादं रविवारच्या दुपारी, रहदारीपासून लांबचं, पोरांना उघडून देणं अवघड नाही.

थर्सडे २०११ मध्ये थांबला, २०१६ मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०२४ मध्ये त्याने तेरा वर्षांनी नवं गाणं काढलं. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी ‘वेटिंग’पासून सुरुवात करावी आणि मग लगेच ‘फुल कोलॅप्स’ लावावा. दोन्ही सलग ऐकले तर दीड तासही लागत नाही. आवाज थोडा कमी ठेवा, म्हणजे दुसऱ्या गिटारीचं काम नीट ऐकू येईल.