आकडा प्रोसेसरचा की कंपायलरचा?

१९८४ साली राइनहोल्ड वाइकर यांनी ‘ड्राइस्टोन’ नावाचा छोटासा प्रोग्राम प्रसिद्ध केला. उपयोगाचं असं तो काहीच करत नाही. नेहमीच्या प्रोग्राममध्ये बेरजा, तुलना, फंक्शन कॉल साधारण ज्या प्रमाणात असतात, त्या प्रमाणात ते यात गुंफलेले आहेत, इतकंच. सेकंदाला त्याची किती आवर्तनं होतात, ते मोजायचं. व्हॅक्स ११/७८० या संगणकावर ती १७५७ झाली. तेवढ्या वेगाला ‘एक मिप्स’ धरलं गेलं आणि प्रोसेसरच्या जाहिराती याच मापात बोलू लागल्या.

मेख कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रामचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ड्राइस्टोनचा बराच वेळ ३० अक्षरांच्या स्ट्रिंग कॉपी करण्यात आणि ताडून पाहण्यात जातो. लांबी आधीच ठाऊक, त्यामुळे हुशार कंपायलर एकेक अक्षर न उचलता गठ्ठेच्या गठ्ठे हलवतो. खऱ्या कामात ग्राहकाचं नाव किती लांब असेल, हे आधी कुठे कळतं? एखाद्या आकडेमोडीचं उत्तर पुढे कुणी वापरत नसेल, तर ती आकडेमोडच तो गाळून टाकतो! वाइकर यांनी दुसरी आवृत्ती काढून अशा काही फटी बुजवल्या. पण हा अख्खा प्रोग्राम कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरलगतच्या छोट्या, वेगवान मेमरीत मावतो. मुख्य मेमरीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसर ताटकळतो, ती रोजची रखडपट्टी इथे मोजलीच जात नाही.

१९८८ मध्ये ‘स्पेक’ ही संस्था निघाली, ती खऱ्या कामातले प्रोग्राम कसोटीला लावायचे म्हणून. पण तिच्या पहिल्याच संचातल्या ‘मॅट्रिक्स३००’ची कंपायलरनी कॅशला सोयीच्या तुकड्यांत फेरमांडणी केली आणि गुण कित्येक पटींनी उसळले. माझ्या मते ही लबाडी नव्हती, तंत्र अस्सल होतं. फक्त वाढलेले गुण प्रोसेसरचे नव्हते. १९९२च्या संचातून ही कसोटी वगळली गेली. २०२४ मध्ये मात्र इंटेलच्या कंपायलरमध्ये एका विशिष्ट कसोटीपुरतीच खास सोय आढळली आणि स्पेकनं अडीच हजारांहून अधिक निकालांवर तसा शेरा मारला.

फोनचं आणखी वेगळं. कसोटी काही मिनिटांत आटोपते. फोन तापून वेग उतरायला लागतो तो नंतर.

तेव्हा खरेदीच्या वेळी एकूण गुणांवर भाळू नका. व्हिडिओ एडिटिंग करणार असाल, तर तुमच्याच सॉफ्टवेअरला त्या मशीनवर किती वेळ लागतो ते बघा, आणि तेही अर्धा तास सलग चालवून.