जोखीम कुणाची? शासनाची, विद्यापीठाची की आपली?

'रिस्क मॅनेजमेंट' म्हटलं की आपल्याला शेअर बाजार आठवतो, नाहीतर फायनल इयरचा एखादा इलेक्टिव्ह. मी राहणारा अंबरनाथच्या आनंदनगरचा. इथे एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आणि बदलापूरकडे गेलं की उल्हास नदी. त्यामुळे धोका म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही! शिवाय माझी परीक्षा मुंबई विद्यापीठाची. म्हणजे पूर आला तर माझी जबाबदारी कलेक्टरसाहेबांवर आणि निकाल अडकला तर कुलगुरूंवर. या दोघांकडे जोखीम कशी सांभाळली जाते, याची तुलना करण्याचा हा प्रयत्न.

आधी व्याख्या बघू. जोखीम म्हणजे शक्यता गुणिले नुकसान. ती सांभाळायची तर चार प्रश्न विचारावे लागतात. काय बिघडू शकतं? बिघडण्याची शक्यता किती? बिघडलं तर नुकसान किती? आणि त्या वेळी नेमकं कोणी काय करायचं? पहिल्या तीन प्रश्नांवर सेमिनार होतात. चौथा मात्र बहुतेक वेळा राहून जातो.

राज्य शासन हा चौथा प्रश्न ठेचा खाऊन शिकलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली, त्यानंतर जिल्हावार आपत्ती आराखडे तयार झाले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. राज्यात मुख्यमंत्री आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. म्हणजे कोणाला फोन करायचा हे पक्कं ठरलं. याचा उपयोग आपल्याकडेच दिसला. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासचे गावकरी धावून आले आणि हजाराच्या आसपास प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

कारखान्यांचंही तसंच. धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार मोठ्या कारखान्याने आपल्या आवाराचा आपत्कालीन आराखडा करायचा आणि त्याची दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यायची. 1996 च्या नियमांनी जिल्हा संकट गट नेमले आणि त्यांची बैठक दर 45 दिवसांनी व्हावी असं लिहून ठेवलं.

म्हणून शासन पास आणि विद्यापीठ नापास, असं समजू नका. एवढे नियम असूनही शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत 2016 आणि 2024 मध्ये भीषण स्फोट झाले, माणसं दगावली. 21 जून 2012 ला तर खुद्द मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला, मजलेच्या मजले फायलींसकट जळाले. आराखडा कागदावर राहिला की तो आराखडा नसून फक्त कागद असतो.

आता विद्यापीठाकडे वळू. 2017 च्या उन्हाळी परीक्षांना मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना चांगलीच होती. पण सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच हंगामात नव्या पद्धतीवर टाकल्या गेल्या. प्राध्यापकांचा हात बसलेला नव्हता, यंत्रणा अडखळत होती आणि काही उत्तरपत्रिकांचा पत्ताच लागेना. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी मार्कशीटची वाट बघणाऱ्या मुलांचं काय झालं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

आता खरी गंमत बघा. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावावा असं स्पष्ट आहे. तो लांबला तर कारणांचा अहवाल कुलपती आणि शासनाला द्यायचा. संकट गटाला 45 दिवसांनी बसायचं ते अपघाताच्या आधी. विद्यापीठाला 45 दिवसांनी लिहायचं ते उशीर झाल्यानंतर! माझ्या मते दोन्हींतला मुख्य फरक हाच. कारखान्यात तालीम घ्यावी लागते, परीक्षेला तालीम नसते. नवी पद्धत आधी एका छोट्या शाखेवर चालवून बघणं, जुनी पद्धत हाताशी ठेवणं, हीच परीक्षा विभागाची मॉक ड्रिल.

असं का होतं? कारण पुरात जीव जातो आणि तो सगळ्यांना दिसतो. निकाल लांबला तर मुलाचं वर्ष जातं, पण त्याचा पंचनामा करायला तलाठी येत नाही. दुसरं म्हणजे विद्यापीठात निर्णय मंडळं आणि परिषदांमधून जातो. सगळ्यांनी मिळून घेतलेल्या निर्णयाची जोखीम नेमकी कोणाच्या नावावर, हे बिघडेपर्यंत कळत नाही, आणि बिघडल्यावर एकच माणूस सापडतो.

हे आपल्या हॉस्टेललाही लागू आहे. रेक्टर सर आणि मेस कमिटीला माझी विनंती आहे. एका कागदावर चार रकाने आखा: काय बिघडेल, शक्यता, नुकसान, जबाबदार कोण. मेसचा गॅस, रात्री कुलूप असलेला मागचा जिना, पावसाळ्यात बंद पडणारी लोकल, परीक्षेच्या आदल्या रात्री जाणारी वीज, असं एकेक लिहा. चौथ्या रकान्यात 'सर्व संबंधित' असं लिहू नका, एकच नाव लिहा. मागच्या जिन्याच्या किल्लीपासून सुरुवात करू. आज रात्री दोन वाजता ती कोणाकडे असते, सांगता येईल?